गटातला गट

ऑफिसात त्या दोघींना थोरली आणि धाकटी म्हणत. नात्याने कुणी कुणाची नव्हती. शेजारी बसायच्या आणि थोरलीने धाकटीला काम शिकवलं होतं, एवढंच. पण नाव पडलं ते पडलं. धाकटी बाळंतपणाच्या रजेवर गेली तेव्हा तिचं काम थोरलीने सहा महिने आपल्या कामासकट ओढलं. धाकटी परत आली आणि पुढच्याच महिन्यात थोरली रजेवर गेली, लग्नाला नऊ वर्षं झाल्यावर. "तुझी खुर्ची मी सांभाळली, आता माझी तू सांभाळ," एवढं सांगून गेली.

थोरलीला जाऊन तीन महिने झाले आणि कंपनीने हजेरी, रजा, दाराचे पास, सगळं एका नव्या सिस्टिमवर न्यायचं ठरवलं. कोण कुठल्या विभागात, कुठल्या गटात, ही माणसांची यादी क्लाउडवरच्या डिरेक्टरीत होती. नव्या सिस्टिममध्ये सगळ्यांची नावं एकदा हाताने भरून झाली होती, पण माणसं येतात, जातात, बदलतात. तेव्हा डिरेक्टरी वाचून तिकडची यादी रोज जुळवून ठेवणारा एक दुवा मध्ये बसवायचा होता. त्याला कनेक्टर म्हणायचे. तो बसवायचं काम धाकटीकडे आलं. काम अवघड नव्हतं, किचकट होतं. कुठले गट न्यायचे ते निवडायचं, इकडचा कुठला रकाना तिकडच्या कुठल्या रकान्यात पडतो ते लावायचं, आणि खरं काही न बदलता आधी एक चाचणी घ्यायची.

धाकटीने ती तीनदा घेतली. मुलगी झाल्यापासून एकदा बघून तिचा कशावरच विश्वास बसत नसे. पाळण्याची कडी दोनदा, गॅसचं बटण दोनदा, झोपलेल्या पोरीच्या नाकापुढे बोट तर कितीदा तरी. पर्समध्ये एक निळी वही असायची. दूध किती वाजता, किती घेतलं, किती ओकली, ताप किती, सगळं त्यात. नवरा म्हणायचा, "पोर वाढवतेयस की कोर्टात केस उभी करतेयस?"

तिसऱ्या चाचणीतही तेच आलं. जुळली दोनशे चाळीस, बंद होणार सहा.

तिने सहा नावं एकेक करून वाचली. सहाही बायका, सहाही बाळंतपणाच्या रजेवर. चौथं नाव थोरलीचं.

कारण शोधायला लांब जावं लागलं नाही. कारण धाकटी स्वतःच होती. स्वतः रजेवर जायच्या आधी तिने डिरेक्टरीत एक सोय केली होती. रजेवरच्या बायकांना 'आज हजेरी लावली नाही' असा तगादा रोज जायचा. तो थांबावा म्हणून 'कर्मचारी' या मोठ्या गटाच्या पोटात तिने एक छोटा गट केला आणि रजेवर जाणारीला त्यात ठेवायची पद्धत पाडली. डब्यात डबा. डिरेक्टरीला ते कळायचं. नव्या कनेक्टरला कळत नव्हतं. तो वरचं झाकण उघडायचा, समोर दिसतील तेवढी माणसं मोजायचा, आणि जे दिसलं नाही ते माणूस नाहीच असं धरून त्याचं खातं बंद करायचा.

इलाज दोन मिनिटांचा होता: आतल्या गटावरही खूण करायची. पण गट वाढवायचा तर साहेबांना विचारायचं, असा नियम होता. ती विचारायला गेली.

"सर, सहाजणी बंद होतायत. रजेवरच्या."

साहेबांनी बोट खाली खाली नेत नावं वाचली. त्यांना धक्का बसला नाही, हे तिने टिपलं.

"रजेवरच आहेत ना? मग बंद असल्या तर काय बिघडलं?"

"आतला गट घेतला की येतील त्या. लगेच होईल."

"वर दोनशे चाळीसचा आकडा गेलाय. आता सहा वाढवा म्हणून कुणाच्या दारात उभा राहू? रजेवरून आल्या की घालू परत."

"पण परत घातल्या की नवीन माणूस म्हणून येतात, सर. नवा क्रमांक, रुजू व्हायची तारीख नवी. थोरलीची अकरा वर्षं..."

"थोरली, धाकटी. ऑफिस आहे का एकत्र कुटुंब?" साहेब स्वतःच हसले. मग आवाज खाली आणून म्हणाले, "तुमचा कायम करायचा कागद माझ्याच टेबलावर आहे ना?"

"हो सर." धाकटी अजून मुदतीच्या करारावर होती. मुदत दोन महिन्यांत संपत होती.

"रोज साडेपाच वाजले की पाळणाघराकडे धावता. मी कधी काही बोललो? सांभाळूनच घेतो ना? मग तुम्हीही जरा सांभाळून घ्या."

'हे मेलवर लिहून द्याल का' हे वाक्य तिच्या जिभेवर आलं होतं. तेवढ्यात फोन वाजला. पाळणाघरातल्या काकू. "अंग तापलंय गं. ताप अडतीसच्या वर गेलाय. काम टाकून ये बाई."

जागेवर येऊन तिने आधी वही काढली. अकरा चाळीस, ताप अडतीसच्या वर. मग पडद्याकडे बघितलं. खूण करायची ती चौकट रिकामीच होती. तिने ती रिकामी ठेवली, कनेक्टर चालू केला, आणि पर्स उचलून निघाली. या वेळी तिने दुसऱ्यांदा काहीही बघितलं नाही.

आठवड्याने थोरलीचा फोन आला. मागे बाळ रडत होतं.

"ए धाकटे, माझं काहीच उघडेना गं. पासवर्ड चुकला म्हणावं, तर तेही म्हणत नाही. म्हणतं, अशी व्यक्ती नाही. बाळंतिणीला भास होतात म्हणे, पण मी आहे ना गं?"

"नवीन सिस्टिम बसतेय," धाकटी म्हणाली. "होईल सुरळीत."

"तूच बघतेयस ना? मग मला घोर नाही."

तीन महिन्यांनी थोरली कामावर आली तेव्हा दार उघडलं नाही. पास तीन वेळा लावून ती रखवालदाराशेजारी तासभर उभी राहिली. मग तिच्या हातात नव्या उमेदवाराचा फॉर्म दिला गेला. तिने वर तक्रार केली. वरच्यांनी सगळ्यांना बोलावलं.

साहेब अगदी शांतपणे बोलले. "तांत्रिक चूक आहे. गटात गट करून ठेवला होता. ज्यांनी तो केला त्यांनीच कनेक्टर बसवला आणि चालूही केला." यातला शब्द न् शब्द खरा होता.

"तुम्ही कुणाला कळवलं होतं?" वरच्यांनी धाकटीला विचारलं.

"सरांना. तोंडी."

"लेखी काही?"

तिने पर्समध्ये हात घातला. निळ्या वहीत त्या दिवसाचं पान होतं. औषध चार मिली, दुपारी दोनला घाम आला, संध्याकाळी ताप उतरला. तिने वही बाहेर काढलीच नाही.

मधल्या काळात ती कायम झाली होती. कागद साहेबांनी शब्द दिल्याप्रमाणे वेळेवर पाठवला होता. चूक कबूल झाली, समज दिली गेली, पण तारखा मागे नेता येत नाहीत असं वरून आलं. थोरली नवीन ती नवीनच. आणि नव्या माणसाला पहिला आठवडा कायम कर्मचाऱ्याने काम शिकवायचं, असाही एक नियम होता. विभागात तेवढं मोकळं दुसरं कुणी नव्हतं.

सोमवारी थोरली आपल्याच जुन्या खुर्चीत येऊन बसली. ओढणीवर खांद्याशी दुधाचा डाग होता.

"माहीत होतं तुला?" तिने पडद्याकडे बघतच विचारलं.

"हो."

"चालू करायच्या आधी?"

"आधी."

थोरलीने मान हलवली, जणू एखादी बेरीज जुळली. "तुझी आता चालायला लागली असेल."

"दोन पावलं टाकते."

"छान." थोरलीने शिकण्याचा छापील कागद समोर ओढला. खाली शिकवणाऱ्याच्या सहीची जागा होती. तिने पेनाचं टोपण काढलं, खुर्ची थोडी पुढे घेतली आणि धाकटीकडे पहिल्यांदा नीट बघितलं.

"हं, सांगा मॅडम. कुठून सुरुवात करायची?"