मेंढीच्या वर्षातलं लाल अस्तर

मी नडगीचं कवच बोलतोय. फुटबॉल खेळणारे मोज्याच्या आत गुडघ्याखाली बांधतात ना, तेच. मात्र मी दुकानातला नाही. दालियनच्या गोदीत सांडपाण्याची नळी टाकून उरलेला एक राखाडी तुकडा कोपऱ्यात पडला होता. तिथल्या तंग नावाच्या वेल्डरने तो घरी आणला, उभा चिरला, उकळत्या पाण्यात मऊ केला आणि टॉवेल मधे घालून आपल्या मुलाच्या नडग्यांवर दाबून धरला. एका नळीचे असे दोघे झालो. मी डावा, माझा भाऊ उजवा.

"बाबा, भाजतंय!" पोरगं ओरडलं.

"भाजू दे. बचावपटू व्हायचंय ना तुला? मग आत्तापासूनच सवय कर."

त्या पोराचं नाव वेइगांग. तेव्हा तो अकरा वर्षांचा होता. त्याची आई ग्वेजन कपड्यांच्या कारखान्यात शिलाई करायची. तिने जुन्या रजईतला कापूस काढला आणि आमच्या पोटाशी मऊ अस्तर शिवलं. टाके इतके बारीक, की मला ते कधी टोचले नाहीत.

त्याच वर्षी क्रीडाशाळेच्या प्रशिक्षकाने वेइगांगला मैदानावर पाहिलं आणि तंगला बाजूला घेतलं.

"पोरगा चांगला आहे. चेंडू कुठे पडणार ते त्याला आधीच कळतं. पण या वयोगटासाठी दोन वर्षं जुना आहे."

जुना! जणू मंडईतला कोबीच. तंगने मान डोलावली. त्याला अर्थ कळला होता, कारण रांगेत उभ्या असलेल्या इतर पोरांच्या बापांनाही तो कळलेला होता. पुढच्या आठवड्यात वाळवलेल्या समुद्रकाकडीचा, म्हणजे आमच्याकडच्या महागड्या समुद्री मेव्याचा, डबा घेऊन तो जन्मनोंदी ठेवणाऱ्या पोलीस चौकीत गेला. परत आला तेव्हा त्याचा मुलगा नऊ वर्षांचा झाला होता.

आमच्याकडे वय कुणी सरळ विचारत नाही, तुझा प्राणी कोणता असं विचारतात. दर वर्षाचा एक प्राणी, आणि बारा वर्षांनी फिरून तोच. वेइगांग मेंढीच्या वर्षातला होता. कागदावर तो आता कोंबड्याच्या वर्षातला झाला.

"आजपासून कुणी विचारलं तर कोंबडा सांगायचं," तंग म्हणाला.

"आणि मेंढीच्या वर्षी मी नऊ महिने पोटात काय वाढवलं? कोबी?" ग्वेजन पीठ मळता मळता म्हणाली.

"तू गप्प बस. तुझ्या पोराचं भलं होतंय."

ती गप्प बसली. पण दर वाढदिवसाला लांब शेवया आणि उकडलेलं अंडं त्याच्यापुढे ठेवताना ती खरं वय पुटपुटायची. जगात तेवढी एकच बाई तो आकडा नीट सांभाळून होती.

नंतरची वर्षं मी मोज्याच्या अंधारात काढली. मला दिसायचं कमी आणि समजायचं जास्त. चेंडू अजून लांब असतानाच त्याची नडगी ताठ व्हायची. समोरचा आघाडीचा खेळाडू कोणत्या बाजूने निसटणार हे त्याच्या स्नायूला आधी कळायचं आणि मग तो घसरत जायचा. माती, बर्फ, खडी, सगळं मी अंगावर घेतलं. तो उंच वाढला, तरी मी त्याला पुरलो. मोठे खेळाडू लहानशीच कवचं घालतात. पळताना जड होऊ नयेत म्हणून.

बचावपटूचं जगणं कसलं असतं ते मला विचारा. पुढे खेळणारा नऊ वेळा चुकला आणि एकदा गोल केला, की लोक त्याला खांद्यावर घेतात. बचावपटू नऊ वेळा वाचवतो आणि एकदा चुकतो, की घरी जाताना बसच्या काचेवर अंडी फुटतात. वेइगांग त्याबद्दल कधी बोलला नाही. खोलीवर आला की आम्हा दोघांना ओल्या फडक्याने पुसायचा आणि खिडकीत उन्हाला ठेवायचा. बस.

संघातल्या आपल्याहून लहान मुलांना तोच 'दादा' म्हणायचा, कारण कागदावर ते मोठे होते. सुरुवातीला त्याची जीभ अडायची. पुढे इतकी सवय झाली, की घरी आल्यावर शेजारच्या आठवीतल्या पोरालाही तो दादा म्हणाला आणि ग्वेजन हसून हसून ओट्याला टेकली.

मग दोन हजार तीन साल आलं. मेंढीचं वर्ष.

स्वतःच्या प्राण्याचं वर्ष वाईट असतं असं आमच्याकडे मानतात. त्या वर्षी माणसाचं काहीतरी मोडतं, म्हणून अंगाला लागून लाल कापड हवं. कुणी लाल करगोटा बांधतं, कुणी लाल चड्डी घालतं. आणि त्याच वर्षी वेइगांगला ऑलिंपिकच्या संघाच्या शिबिरात बोलावणं आलं होतं. त्या संघात वयाची अट होती. कागदावरच्या कोंबड्याला ती चालत होती, खऱ्या मेंढीला चालली नसती.

निघायच्या दिवशी ग्वेजनने रीतीप्रमाणे मोदकांसारखे वळलेले माशाचे डंपलिंग उकडले आणि लाल चड्ड्यांची घडी त्याच्या बॅगेत सरकवली. त्याने ती बाहेर काढली.

"आई, तिथे वीस जण एकत्र कपडे बदलतात. कोंबड्याने मेंढीच्या वर्षी लाल घातलं तर सगळे विचारतील."

"मग काय, उघडाच जाशील? पाय मोडला तर?"

"नाही मोडत."

"तुझ्या मामाच्या वर्षी त्याचंही काही मोडणार नव्हतं. क्रेनवरून पडला."

तो आंघोळीला गेला. ग्वेजनने आम्हा दोघांना उचललं, जुनं अस्तर उसवलं आणि आपल्या लग्नाच्या रजईच्या खोळीचं लाल सॅटिन कापून आत शिवलं. तो बाहेर आला तोवर ती दाताने दोरा तोडत होती.

"इथे कोण बघतंय?" ती म्हणाली. "मोज्याच्या आत, कवचाच्या आत. देवालाही दिसायचं नाही."

त्याने आम्हाला उलटून पाहिलं. मला वाटतं, त्यालाही बरं वाटलं असावं. त्याने बॅगेची चेन लावली.

शिबिर दक्षिणेला कुनमिंगला होतं. तिथे डाव्या बाजूच्या बचावाच्या एका जागेसाठी दोघे होते, वेइगांग आणि लुआन पंग. लुआन पंगही दालियनचाच. क्रीडाशाळेत दोघे एकाच खोलीत वाढले होते. मुख्य प्रशिक्षकांना वेइगांग जास्त पसंत होता आणि ते सगळ्यांना कळलं होतं, लुआन पंगलाही.

सरावाच्या सामन्यात आघाडीच्या एका दांडग्या खेळाडूने लाथ घातली. चेंडू बाजूला राहिला आणि बुटाचे खिळे सरळ माझ्यावर आले. मी वरपासून मधोमध तडकलो. आत हाडाला धक्का बसला ते मला जाणवलं. पण हाड टिकलं. वेइगांग गवतावर पडला. सगळ्यात आधी लुआन पंग धावत आला, गुडघ्यावर बसला आणि त्याने मोजा खाली ओढला. मी सुटून उताणा पडलो. माझं लाल पोट उन्हात चमकत होतं.

"हे काय रे लाल?" लुआन पंग म्हणाला.

"आईने शिवलंय. कापूस संपला होता."

"तू कोंबडा ना? कोंबड्याला अजून दोन वर्षं आहेत. तुझ्या आईला फारच घाई!"

एव्हाना चौघेपाचजण जमले होते. कुणीतरी हसलं. आणि लुआन पंगने, अगदी हलक्या आवाजात, मेंढीसारखा आवाज काढला.

"में..."

बाकीच्यांनी तो उचलला. कुणाच्या मनात वाईट नव्हतं. तरणी पोरं, कंटाळलेली, त्यांना खेळ मिळाला. दुपारी जेवणाच्या हॉलमध्ये वेइगांग ताट घेऊन शिरला तर चारही टेबलांवरून मेंढ्या ओरडल्या. कोपऱ्यात दोन वार्ताहर शेवया खात होते. त्यांनीही मान वर केली.

संध्याकाळी सहप्रशिक्षक मू यांनी त्याला बोलावलं. मी त्याच्या खांद्यावरच्या पिशवीत होतो.

"पाय कसाय?"

"ठीक आहे सर. नुसता मुका मार."

"मी 'स्नायू फाटला' असं लिहितोय. उद्या घरी जा."

"सर, फाटलेला नाही. मी आत्ता पळून दाखवतो."

मू कोच दार लावून आले. मग म्हणाले, "वेइगांग, तुझं वय मी तू पंधराचा असल्यापासून जाणतो. पंधराचा म्हणजे कागदावर तेराचा. मी कधी विचारलं? इथल्या निम्म्या पोरांचं मला माहीत आहे. पण मला माहीत असणं वेगळं आणि सबंध जेवणघराने में-में करणं वेगळं. उद्या ते पेपरात आलं तर संघच बाद होईल. चुकलास लेका. लपवायचं ते असं घरभर मिरवतात?"

"आईने शिवलं होतं, सर."

"म्हणून तर फक्त स्नायू लिहितोय."

सकाळी बस उभी होती. लुआन पंग त्याची बॅग उचलायला आला. वेइगांगने बॅग सोडली नाही. दोघे एका बॅगेचे दोन बंद धरून उभे राहिले.

"तुला माझा प्राणी माहीत आहे," लुआन पंग खाली बघत म्हणाला.

"माहीत आहे. मेंढी."

"मग तू का नाही सांगितलंस काल? सगळ्यांसमोर?"

"सांगून काय झालं असतं? दोघेही बसमध्ये बसलो असतो."

लुआन पंगने बंद सोडला. "माझी आई असती तर तिनेही शिवलं असतं," तो म्हणाला. "मला शिवून देणारं कुणी नव्हतं, म्हणून मी राहिलो."

दालियनला ग्वेजनने शेवया करून ठेवल्या होत्या. जाताना डंपलिंग, आल्यावर शेवया, अशी तिथली रीत. तिने पहिल्यांदा मलाच हातात घेतलं. माझ्यावरचा तडा बोटाने वरून खाली चाचपला आणि मग त्याच्या नडगीवरचा काळानिळा डाग पाहिला.

"बघ! हे फुटलं आणि हाड वाचलं. लाल नसतं तर?"

वेइगांगने शेवयांची वाटी तोंडाला लावली.

"हो आई. लालमुळेच वाचलो."

"मग परत का पाठवलं?"

"स्नायू फाटलाय. डॉक्टर तसं म्हणाले."

तंग दारात उभा होता. त्याने मुलाकडे पाहिलं आणि माझ्या तड्यावर चिकटपट्टी लावायला बसला.

ते वर्ष संपल्यावर लाल काढायला हवं होतं. ग्वेजनने काढलं नाही. ज्याने पाय वाचवला ते राहू दे, म्हणाली. म्हणून मी पुढची कितीतरी वर्षं लाल पोटानेच खेळलो. पण में-में त्याच्या मागे आलं. परगावच्या मैदानांवर चेंडू त्याच्या पायाशी आला की एका बाजूचे प्रेक्षक मेंढ्या व्हायचे. ग्वेजन घरी टीव्हीसमोर बसायची आणि मग फोन करायची.

"ते लोक असे का ओरडतात रे?"

"त्यांच्या गावची पद्धत आहे आई. पाहुण्यांना असंच ओरडतात."

ऑलिंपिकच्या संघात त्याला पुन्हा बोलावलं नाही, मोठ्या राष्ट्रीय संघातही नाही. तो दुसऱ्या फळीच्या क्लबांत उतरला. दर हंगामाला मालक बदलायचा आणि छातीवरचं नाव बदलायचं. कधी औषधाचं, कधी सिमेंटचं. गुडघे खऱ्या वयाने झिजत होते आणि प्रशिक्षक त्याला कागदावरच्या वयाने पळवत होते. "एवढ्या वयात दमतोस?" असं कुणी म्हणालं की तो "थोडं झोपलो नाही" म्हणायचा. खरं सांगायची सोय त्याला उरली नव्हती.

एका हिवाळ्यात तो सुट्टीला घरी आला होता आणि केस कापायला खाली गेला होता. ग्वेजन मासळीबाजारातून आली ती मासे न घेताच. तिने मला आणि भावाला खणातून काढलं, लहान कात्री घेतली आणि खिडकीशी बसून एकेक टाका उसवायला लागली.

"काय करतेस?" तंगने विचारलं.

"बाजारात ती सून आडनावाची मावशी भेटली. तिचा पुतण्या त्या शिबिरात स्वयंपाकी होता." कात्री चालत राहिली. "तुला माहीत होतं."

"ग्वेजन, दोष माझा आहे. साल मी बदललं."

"तू साल बदललंस ते बारा वर्षं कुणाला दिसलं नाही. मी एक चिंधी लावली, ती एका दुपारी दिसली."

तंग पुढे आला, पण तिच्या हाताला हात लावायची त्याला हिंमत झाली नाही. तिने सॅटिनचे दोन तुकडे चुलीत घातले. आम्हाला पांढरा कापूस शिवला. तेच बारीक टाके.

वेइगांग परत आला. त्याने आम्हाला उलटून पाहिलं, पांढऱ्यावरून अंगठा फिरवला. ग्वेजन पाठमोरी उभी राहून कांदापात चिरत होती. त्याने आम्हाला परत खणात ठेवलं. त्या वाढदिवसाला शेवया आल्या, अंडं आलं. ती काही पुटपुटली नाही.

तो खेळणं सोडून आता बरीच वर्षं झाली. निरोपाचा सामना वगैरे झाला नाही. क्लब बुडाला आणि त्याचं खेळणं थांबलं. मी आई-वडिलांच्या घरी खणात पडून आहे, चिकटपट्टी सुटलेला. भाऊ कुठल्याशा मैदानावर हरवला.

दोन हजार पंधराच्या नववर्षाला वेइगांग आला होता. पुन्हा मेंढीचं वर्ष लागलं होतं. केस कानशिलाशी पिकलेले, जिना चढून धाप लागलेली. खण अर्धवट उघडा होता, म्हणून मी ऐकलं.

"आई," तो अगदी सहज बोलल्यासारखं म्हणाला, "यंदा माझं वर्ष आहे. काही लाल शिवणार नाहीस?"

ग्वेजन पीठ मळत होती. तिचे हात थांबले नाहीत.

"तुझं वर्ष अजून दोन वर्षांनी आहे," ती म्हणाली. "तू कोंबडा आहेस."

त्याने ओट्यावर सांडलेलं पीठ हाताने गोळा केलं. मग "हो आई" म्हणाला आणि जाऊन बापाशेजारी टीव्हीपुढे बसला.

मी नळीचा एक तुकडा. मला तोंड असतं तर मी त्याच वेळी ओरडलो असतो. तुम्हाला आहे, म्हणून तुम्हाला विनवतो. कधी दालियनला गेलात आणि गोदीमागच्या चाळीत मासे निवडणारी ती म्हातारी दिसली, तर तिला एवढंच सांगा, की त्या दिवशीची लाथ खरोखर हाड मोडणारी होती. मी मधे होतो, तिचं लाल पोटाशी घेऊन. मी सांगतो, हाड वाचलं होतं.