काठीवरची टोपी

“सूनबाई, टोपी दिसते का?”

“नाही हो, बाबा!”

शोरूमच्या आवारात मी नव्याकोऱ्या पांढऱ्या गाडीत स्टिअरिंगमागे बसले होते. समोर माझे सासरे. त्यांनी आपल्या काठीवर माझ्या अडीच वर्षांच्या लेकीची पिवळी टोपी चढवली होती आणि हात लांबवून काठी बाजूला उभी धरली होती. काठी बरोबर पोरीएवढी उंच, हे घरीच मोजून आले होते. बाबा मला छातीपासून वर दिसत होते, टोपी मात्र नाही.

मला लाजेने मेल्याहून मेल्यासारखं झालं. सेल्समन हसू दाबत म्हणाला, “काका, सनरूफ बघा की! टोपीचं काय घेऊन बसलात?”

“ऊन डोक्यावर घ्यायला गाडी कशाला हवी?” म्हणत बाबा लंगडत आणखी एक पाऊल मागे सरकले.

बॉनेटपासून मोजून सातव्या पावलाला टोपी दिसली.

मी तर मनातून पांढरी कधीच पक्की केली होती. ऐटदार, उंच बॉनेटची. तीत बसलं की अख्खा रस्ता आपल्या बापाचा वाटतो. दुसरी राखाडी, आखूड नाकाची, अगदी नकटी. शहरातल्या गल्ल्यांत दोन्ही सारख्याच वळतात, मग नकटी कोण घेणार? पण बाबांपुढे बोलायची सोय नव्हती. एकतीस वर्षं शाळेची बस चालवलेला माणूस. हजारो मुलं चढली-उतरली, एकाच्याही गुडघ्याला खरचटलं नाही.

राखाडीतून टोपी चौथ्या पावलालाच दिसली.

“तीन पावलांचाच तर फरक,” मी कुरकुरले.

“तुझी लेक तीन पावलं धावायला किती वेळ घेते?” बाबा खिडकीशी आले. “गाडी आली की तू अंगणातूनच निघणार. ती रोज माझा हात सोडवून तुझ्यामागे पळत सुटते. या गुडघ्यांना ती आता आवरत नाही गं.”

पांढरीचं भूत तिथेच उतरलं.

“पण बाबा, नकटीतूनही पहिली तीन पावलं दिसत नाहीतच की!”

“त्याला गाडी नाही निघाली अजून. त्याला खाली उतरायचं. मी प्रत्येक थांब्यावर उतरून बसला फेरी मारायचो. मागचे हॉर्न वाजवायचे, शिव्या घालायचे. घालू देत.”

नकटी घरी आली. रोज सकाळी मी आत बसले की बाबा काठी टेकत गाडीभोवती फिरायचे आणि बॉनेटवर दोनदा थाप द्यायचे. मगच मी निघायचे. पुढे गुडघे पार गेले, तरी त्यांची फेरी चुकली नाही. असा माणूस मी दुसरा पाहिला नाही.

बाबांना जाऊन दीड वर्ष झालं. लेक आता नऊ वर्षांची आहे. बॉनेटवरून सहज दिसते, माझ्यामागे धावतही नाही. तरी अंगण असो की गल्ली, निघण्याआधी मी उतरते, गाडीभोवती फेरी मारते, दोनदा थाप देते. गल्लीत मागे अडकलेला कोणीतरी हॉर्न वाजवतो.

वाजवू दे.