नत्थुजींच्या कवळीतली कीड

वलगावच्या अलीकडच्या त्या गावात ग्रामसभा भरवायची तर घरोघर हाका माराव्या लागतात. पण त्या दिवशी सकाळी आठलाच मारुतीच्या पाराभोवती दीडशे माणूस जमलं होतं. प्रत्येकाच्या बोटाला एक लेकरू, आणि प्रत्येक लेकराचा जबडा उघडा. बत्तिशी महाराजांची दुसरी फेरी होती. महाराज अकोल्याहून येतात असं म्हणत. अकोल्यात विचारलं असतं तर अमरावतीहून येतात असं कळलं असतं.

महाराजांची विद्या एकच, दातातली कीड बाहेर काढायची. पाण्याची परात, परातीत वाटी, वाटीत निखारे. निखाऱ्यांवर तुपात कालवलेली चिमूटभर ‘संजीवनी’ पडायची, वरून बुडाला भोक पाडलेलं मडकं पालथं, आणि भोकात पपईच्या देठाची नळी. लेकरानं नळी तोंडात धरून धूर घ्यायचा. दोन मिनिटांनी चेला कुलदीप मडकं उचलायचा, आणि पाण्यात बारीक, पांढऱ्या, वाकड्या अळ्या तरंगत असायच्या. मग बाया हात जोडत आणि बापे मोबाइल काढत.

“बत्तीस दात म्हंजे बत्तीस देव,” महाराज सांगत होते. “ब्रश मारणं म्हंजे देवाच्या अंगावर झाडू मारणं. ही कीड डाक्टरच्या मशीनमंधी दिसत नाई, काहून का मशीनले श्रद्धा नसते. नऊ दिवस ब्रश बंद. झोपतानी मंतरलेला गुळाचा खडा गालात धरून झोपायचं. उरलीसुरली कीड गोडाच्या वासानं आपोआप भायेर येते.”

दात किडवायचा याहून पक्का उपाय दात किडवणाऱ्यालाही सुचला नसता. पण एकशे पन्नास माना डोलल्या.

गर्दीच्या कडेला कौशल्या उभी होती. शाळेत पोरांची खिचडी शिजवायला तिला सोळा वर्षं झाली. गुरुजींना पोरांची अक्षरं ओळखता येतात, तशी कौशल्येला पोरांची तोंडं. कोण चावतं, कोण नुसतं गिळतं, कोण पाण्याचा घोट गालाच्या एकाच बाजूनं घेतं, हे तिला वाढता वाढता दिसतं. सात वर्षांची श्रावणी महिनाभर डाव्या बाजूनंच जेवत होती. मागच्या फेरीत महाराजांनी तिचे अकरा किडे काढले. मग रोज गूळ झाला, ब्रश बंद झाला. आता आठव्या दिवशी पोरीचा उजवा गाल लिंबाएवढा सुजला होता, डोळा बारीक झाला होता, आणि कालच्या खिचडीला तिनं हात लावला नव्हता.

श्रावणी आजीच्या, दुर्गाबाईच्या, मांडीवर लाइनीत बसली होती. कौशल्येनं तिच्या कपाळाला हात लावला.

“काकू, तापली ना पोरगी. अमरावतीले दाताच्या डॉक्टरकडे न्या, आजच.”

“माहाराजानं अकरा किडे काढले. तू किती काढले?”

“मंग गाल काहून सुजला?”

“जहर उतरून राहिलं. न दुधाचाच तर दात हाय, पडनच.”

“दुधाचा नाई तो. सहा वर्षाचं लेकरू झालं का मांगं नवी दाढ येते, न ते जलमभराची असते. शाळेत तपासणीले डॉक्टरीण आल्ती, तिनं चिठ्ठी देल्ली होती ना तुमाले?”

“चिठ्ठीनं कोणाचा दात बरा झाला वं?”

श्रावणीचा बाप अश्विन बाजूला मोटारसायकलीला टेकून उभा होता. आईसमोर त्याचं तोंड उघडत नसे.

कौशल्या तेवढ्यात दुसरंच पाहू लागली. शाळेतला पिंटू नळीवरून उठला होता. उसाचं कांडं दातानं सोलणारं पोट्टं, दाताला डाग नाही, आणि त्याच्याही परातीत नऊ किडे. सगळ्यांचे किडे एका मापाचे, एका रंगाचे. आणि धुराचा हा वास तिनं कुठंतरी घेतला होता. शेताच्या धुऱ्यावरचा, म्हणजे बांधावरचा, काटेरी कचरा पेटवला की येतो तो वास. भुईरिंगणी.

ती शाळेमागच्या धुऱ्यावर गेली, काटे टोचून घेत पिवळी सुकलेली फळं तोडली, बिया पदरात बांधल्या. परत येताना तिनं नत्थुजींचं दार वाजवलं. नत्थुजी म्हणजे निवृत्त कोतवाल, वय पंचाहत्तर. दोन वर्षांपूर्वी अमरावतीहून पूर्ण कवळी बसवून आणल्यापासून उगाच हसत फिरत.

“मामाजी, आज हसायचं नाई. गाल धरून कण्हायचं.”

नत्थुजी कण्हले, आणि बरे कण्हले. महाराजांनी धुरी दिली, कुलदीपनं मडकं उचललं.

“चौदा!” महाराजांनी बोटं नाचवली. “जुनी कीड हाय, आजोबा. चाळीस वर्साची.”

नत्थुजींनी तोंडात हात घातला, वरची कवळी काढली, खालची काढली, आणि दोन्ही परातीत सोडल्या. गुलाबी हिरड्यांसकट बत्तिशी पाण्यात बसली.

“चाळीस वर्साची कीड दोन वर्साच्या दातात कोठून घुसली, बुवा?” ते बोळक्या तोंडानं म्हणाले.

पोरं खिदळली. गाव एवढ्यावर शहाणं होईल असं कोणाला वाटलं असेल, तर त्यानं गाव पाहिलं नाही.

“हिरडीत असन कीड,” दुर्गाबाई म्हणाली.

“हिरडीत. बराबर बोलली माय,” महाराजांनी लगेच दोरी पकडली. चार डोकी पुन्हा हलली.

“मंग आता हिरडीबी नको,” कौशल्या म्हणाली.

तिनं कवळी नत्थुजींच्या हाती दिली, परातीतलं पाणी ओतून दिलं, नवं भरलं. पदराची गाठ सोडून बिया तुपात माखल्या आणि निखाऱ्यांवर टाकल्या. कुलदीप पुढं झाला. अश्विननं त्याचं मनगट धरलं आणि सोडलं नाही. कौशल्येनं मडकं पालथं घातलं, नळी बसवली आणि नळीच्या तोंडावर अंगठा दाबला. ना तोंड, ना दात, ना मंत्र. मडक्यात तडतड आवाज येत होता. दीडशे माणसं पहिल्यांदाच महाराजांकडे न बघता मडक्याकडे बघत होती.

तिनं मडकं उचललं. पाण्यात पांढऱ्या वाकड्या अळ्या तरंगत होत्या.

“सांगा महाराज, कोणाची दाढ किडली? मडक्याची?”

तिनं एक बी नखावर फोडून दुर्गाबाईसमोर धरली. आतला कोंब गुंडाळी करून बसलेला, पांढरा. “आगीनं बी फुटते, कोंब उडून पाण्यात पडते. हे तुमची कीड. माह्या धुऱ्यावर पोतंभर हाय, घेऊन जा.”

दुर्गाबाईनं कोंब पाहिला, मग नातीचा गाल पाहिला. अश्विननं लेकीला तिच्या मांडीवरून उचललं. या वेळी त्यानं आईला विचारलं नाही. महाराजांची गाडी धूळ उडवत गेली; मंतरलेल्या गुळाची टोपली तेवढी पारावर राहिली, तीही मुंग्यांसाठी.

अमरावतीत दाताच्या डॉक्टर अनुपमांनी पू काढला, आणि ताप उतरल्यावर दाढही काढली. “आठ दिवस आधी आणली असती तर वाचली असती,” त्या अश्विनला म्हणाल्या. “आता तिच्या जागी दुसरी येणार नाही.”

पुढच्या आठवड्यात श्रावणी आगपेटीत दाढ घेऊन शाळेत आली. खिचडीच्या पंगतीत दाढ हातोहात फिरली. पिंटूनं कौशल्येच्या सेफ्टी पिनेनं भोक कोरून पाहिलं.

“मावशी, कीड कोठी हाय?”

“कोठीच नाई. गोड दाताले चिकटून राहते, डोळ्याले न दिसणारे जंतू त्याच्यावर आंबट बनवतेत, न ते आंबट दात खाते. डॉक्टरीणबाईनं सांगतलं.”

“मंग आमच्या तोंडातून काय निघालं?”

“तुह्या बापाची अक्कल,” कौशल्या म्हणाली, आणि सगळ्यांना चूळ भरायला नळावर पिटाळलं.

तेव्हा आईबापहो, एक दाढ गेली तेवढ्यावर शिका. सकाळी आणि झोपताना, दोन वेळा लेकराच्या हाती ब्रश द्या, वाटाण्याएवढी पेस्ट द्या, आणि त्याला नीट जमेपर्यंत स्वतः शेजारी उभे राहून घासून घ्या. रात्री घासल्यावर पाण्याशिवाय काही नको, मंतरलेला गूळ तर मुळीच नको. दुखलं तर डॉक्टर गाठा. आणि तरी कोणी तुमच्या पारावर धुरातून कीड काढून दाखवायला आला, तर त्याच्याशी वाद घालू नका.

नळीवर अंगठा ठेवा.