सगुणाबाईंच्या माघस्नानाची टाकी

मित्रांनो, मी तांब्याची एक जुनी टाकी आहे. आज माझ्या अंगावर हिरवा कळंक चढला आहे आणि बुडाशी एक बारीक चीर गेली आहे. पण विसाव्या शतकाच्या आरंभी धार शहरातल्या एका गच्चीवर माझा फार मान होता. चुलीवाचून, धुरावाचून, नुसत्या उन्हावर मी पाणी तापवीत असे.

माझे मालक चिंतामणराव संस्थानच्या बांधकाम खात्यात ओव्हरसियर होते. त्यांची आई त्यांच्या लहानपणीच गेली, आणि त्यांना वाढवले ते त्यांच्या विधवा आत्याने, सगुणाबाईंनी. चिंतामण नुकता चालायला लागला होता तेव्हा त्याची छाती भरली. श्वास घेता येईना, वैद्यांनीही मान हलवली. त्या वेळी सगुणाबाईंनी देवापुढे नवस बोलला, की पोर वाचले तर मी जन्मभर माघात सूर्योदयापूर्वी स्नान करीन आणि महिनाभर विस्तवावर तापलेल्या पाण्याला शिवणार नाही. पोर वाचले. तेव्हापासून दर माघात त्या पहाटेच्या काळोखात तलावावर जात.

माळव्यातली माघाची थंडी हाडांत शिरते. वय झाले तशी ती सगुणाबाईंना सोसेना. एका वर्षी त्या तलावावरून परतल्या त्या दारातच कोसळल्या. थेट फाल्गुनात उठून बसल्या. असा आणखी एक माघ यांना झेपणार नाही, असे वैद्यांनी चिंतामणरावांना बाजूला घेऊन सांगितले.

त्यांनी आत्याची परोपरीने विनवणी केली. माझ्यासाठी बोललेला नवस आहे, तो मीच फेडतो, असेही म्हणून पाहिले.

"तो तू नाही बोललास, मी बोलले," सगुणाबाई म्हणाल्या. "आणि तू श्वास घेतो आहेस ना? मग मी कशी मागे घेऊ?"

तेव्हा चिंतामणरावांनी नवसाचे शब्द नेमके काय होते ते विचारून घेतले. विस्तव या शब्दापाशी ते थबकले. मनावर गावाकडच्या रस्त्याच्या कामावर उन्हात पडलेल्या लोखंडी नळांतून चटका बसेल असे पाणी निघताना त्यांनी पाहिले होते. तिथे कुठे विस्तव होता?

उमाशंकर कसेऱ्याने मला ठोकून घडवले. "भिया, गच्चीवर कोण न्हाणार आहे?" असे तो चिंतामणरावांना माळवीत भाऊ म्हणून हाक मारीत हसून विचारी. अळशीच्या तेलात काजळी कालवून चिंतामणरावांनी मला काळे फासले आणि गच्चीवर ठेवले. दुपारपर्यंत माझ्यातले पाणी छान तापले, पण पहाटे पाहतात तो पुन्हा बर्फ. मग मला काचेच्या झाकणाच्या पेटीत बसवले. पाणी जास्त तापले खरे, पण काचेतून रात्री सगळी ऊब निसटून गेली. मला फार ओशाळल्यासारखे झाले.

एका दुपारी त्यांनी माझ्यात कोपरापर्यंत हात घातला. वरचे पाणी कढत आणि तळाचे गार होते. तापलेले पाणी आपणच वर चढते, तर ते वरच झाकून ठेवता येईल. ऊन धरायचे काम एकाचे आणि ऊब राखायचे काम दुसऱ्याचे, हे त्यांना तिथे उमगले. त्यांनी एक चपटी पेटी केली. तिच्यात काळे फासलेला तांब्याचा पत्रा आणि त्याला जोडलेल्या नळ्या होत्या, वर काच होती. हिवाळ्यातला सूर्य दक्षिणेकडे खाली उतरतो, म्हणून पेटी दक्षिणेकडे तोंड करून चांगली उभट कलती ठेवली. मला तिच्याहून उंचावर बसवून लाकडी खोक्यात भोवती गव्हाचा भुसा ठासून भरला. माझ्या तळातले गार पाणी एका नळीने पेटीत उतरे, तापले की हलके होऊन दुसऱ्या नळीने आपोआप वर माझ्याकडे येई. माझ्यापासून एक नळ खाली न्हाणीघरात गेला होता आणि त्याच्या तोंडाला बागेतल्या झारीसारखी जाळी होती.

माघ लागायच्या आदल्या दिवशी सगुणाबाई स्वतः जिना चढून वर आल्या. त्यांनी माझ्याखाली वाकून पाहिले, राख शोधली, धुराचा वास घेतला. मग काचेवरच्या उन्हाकडे बघत म्हणाल्या, "रोज ज्याला अर्घ्य देते, त्यानं तापवलेलं पाणी नको म्हणणारी मी कोण?"

दुसऱ्या दिवशी पहाटे झारीखाली त्यांनी स्नानाचा श्लोक म्हटला. दर वर्षी तो कापऱ्या ओठांतून तुटत तुटत येई. त्या दिवशी तो सलग आला. न्हाणीघराबाहेर उभ्या असलेल्या चिंतामणरावांनी उपरण्याने डोळे पुसले.

पण महिना सरता सरता मावठ्याचे ढग आले. चिंतामणराव कामासाठी मनावरला गेले होते. घरी त्यांची पत्नी विनोदिनी आणि सगुणाबाई दोघीच होत्या. विनोदिनीने स्वतःचे न्हाणे बंद ठेवून माझी ऊब वाचवली, माझ्या खोक्यावर गोधड्या घातल्या. तरी सूर्य दिसेना आणि एका पहाटे माझ्यातले पाणी पार गार झाले.

विनोदिनी चुलीवरचे उकळते पाणी घेऊन गच्चीवर आली. माझे झाकण उघडून उभी राहिली. वाफ माझ्या काठाला लागत होती. कुणाला कळले नसते. पण तिचा हात पुढे होईना. शेवटी पातेले खाली ठेवून ती जिना उतरली आणि सगुणाबाईंना म्हणाली, "आत्याबाई, पाणी गार आहे. चुलीवरचं त्यात ओतायला गेले होते. ओतलं नाही. पण तुम्हांला काही झालं, तर इकडची स्वारी मनावरहून परतेल तेव्हा मी काय सांगू?"

सगुणाबाईंनी तिला जवळ बसवून घेतले.

"खरं सांगितलंस, बरं केलंस," त्या म्हणाल्या. "ज्याला वाचवायला नवस बोलले, त्यालाच रडवून तो कसा पुरा होईल? आज हातपाय धुते. देवाला मी सांगेन."

पुढे ऊन पडले, महिना पार पडला, आणि त्यानंतरचे कितीतरी माघ सगुणाबाईंनी माझ्याच पाण्याने काढले. त्या गेल्या त्या भर वैशाखात, झोपेत, शांतपणे. मग शेजारच्या बाळंतिणींसाठी, आजाऱ्यांसाठी माझे पाणी जात राहिले. हळूहळू घरात बंब आला. काच फुटली ती कुणी बदलली नाही, भुशात उंदरांनी घर केले, आणि मला अडगळीत ठेवले.

मित्रांनो, माझी तक्रार नाही. पण तुमच्या घरातही माझ्यासारखे कुणी कोपऱ्यात पडले असेल, तर मोडीत घालण्याआधी एकदा वाजवून पाहा. तांबे अजून दणकट आहे. बुडाच्या चिरेला झाळून एक डाग लावून घेतला, तर मी आजही पाणी धरीन.