आईच्या चुलीचं काय करायचं

आमच्या घरात चार चुली आहेत आणि भांडण एकही नाही. बाहेरगावच्या माणसाला हे सांगितलं की तो लगेच भांडणाची चौकशी करतो.

आम्ही चेट्टियार, तमिळ सावकार-व्यापाऱ्यांची जात. आमच्यात मुलाचं लग्न झालं की आई त्याला भांडी देते, वर्षभराचा तांदूळ, डाळ, चिंच, मिरची देते आणि मागच्या चौकातली एक चूल दाखवून म्हणते, आता तुमचं तुम्ही. घर तेच, दार तेच, विहीर तीच, भात मात्र वेगळा. रुसून नाही, रीत म्हणून. आमच्या चौकात पहिली चूल आईची, दुसरी थोरल्या भावाची, मेय्यप्पनची, तिसरी मधल्याची, आणि चौथीचं पुढे येईलच. मधला क्वालालंपूरला असतो. त्याच्या चुलीवर कित्येक वर्षांत काही शिजलेलं नाही, पण ती रोज झाडून-पुसून ठेवतात. न जाणो, संध्याकाळी भात खायला आला तर?

रीत किती पक्की, तर आजोबांचं ऐका. आजोबा ब्रह्मदेशात शेतांच्या तारणावर पैसे द्यायचे. युद्ध आलं, शेतं तिथेच राहिली आणि आजोबा चालत निघाले. डोंगर, चिखल, हिवताप, सगळं पार करून निम्म्या वजनाचे होऊन एका सकाळी दारात उभे राहिले. पणजीच्या, म्हणजे त्यांच्या आईच्या, चुलीवर भात तयार होता, वाफा येत होत्या. आजीच्या चुलीवर नुकतं आधण ठेवलेलं. आजोबा खांबाला टेकून बसले आणि आधणाला उकळी यायची वाट बघू लागले. पणजी शेजारी बसून राहिली, तिच्या समोर तिचा भात. आमच्या घरी ही गोष्ट अभिमानाने सांगतात. मी लहानपणी विचारलं होतं, एक घास घेतला असता तर काय झालं असतं? मला बाहेर खेळायला पाठवलं.

लग्न न झालेला मुलगा आईच्या चुलीवर जेवतो. तसा मी जेवत होतो. देवळाच्या वर्गणीसाठी आमच्यात माणसं मोजतात तेव्हा लग्न झालेल्या पुरुषाचा एक ठिपका धरतात. मी चौतिशीला आलो होतो, कारैकुडीत माझं भांड्यांचं दुकान होतं, वेगळी चूल मांडणाऱ्या नव्या जोडप्यांना लागणारी झाडून सगळी पातेली, कढया, पराती मी विकत होतो, आणि मी स्वतः अजून ठिपकासुद्धा नव्हतो.

स्थळं यायची. तेनप्पन मामा आणायचे. हे आईचे धाकटे भाऊ. आमच्याकडे मामाशिवाय लग्नाचं पान हलत नाही आणि मामांना हे माहीत आहे.

"मुलगी पळ्ळत्तूरची," मामा पानावर बसता बसता म्हणाले. "नाव नाचम्मै. शाळेत गणित शिकवते. देऊळ वेगळं आहे, तेव्हा अडचण नाही." आमची सगळी जात नऊ देवळांत वाटलेली. एका देवळाची मुलं म्हणजे भाऊबहीण, त्यामुळे आधी देऊळ बघायचं, मग मुलगी.

"गणितवाली नको," मी म्हणालो.

"का रे बाबा?"

"चुका काढेल."

"बरं, मागची का नको होती?"

"त्यांच्याकडे पोपट होता."

"मी तुझं लग्न पोपटाशी लावत होतो का?"

"तो माझ्याकडे बघून हसला, मामा."

मामांनी हात जोडले. मला नाही, सांबाराला. "अक्का, ह्याला तू लहानपणी कुठे पाडलं होतंस का? सांग, मी कोणाला सांगणार नाही."

 आईने मी नको नको म्हणत असताना माझ्या पानावर आणखी भात वाढला, मग एक हात जमिनीला आणि एक भिंतीला लावून उठली. उठताना तिच्या गुडघ्यांचा आवाज आला. तो आवाज मी रोज ऐकायचो. खरं सांगायचं तर त्या आवाजामुळेच मी लग्न करत नव्हतो.

हिशोब साधा होता. अप्पच्ची, म्हणजे माझे वडील, गेल्यापासून आईच्या चुलीवर दोघांचा स्वयंपाक व्हायचा, तिचा आणि माझा. माझं लग्न झालं की मी वेगळा. मग ती एकटीसाठी रांधणार का? एकटीसाठी कोणी रांधत नाही. कालच्या भातात ताक घालून दिवस काढेल आणि विचारलं की म्हणेल, जेवले की. आणि आमच्यात आई शेवटपर्यंत आपली चूल सोडत नाही. सोडली की गावातल्या बायका आईचं नाव घेऊन, वर मानाचं 'आच्ची' लावून म्हणतील, उमयाळ आच्ची आता सुनेच्या पानावर बसते. हे वाक्य आईने दुसऱ्यांबद्दल म्हटलेलं मी ऐकलं होतं, तेही जरा चवीने. स्वयंपाकीण ठेवून पाहिली होती. आई तिला दिवसभर शिकवून इतकी दमायची की शेवटी ती बाईच म्हणाली, आच्ची, तुम्ही पडा, मी जाते.

तर मी तिच्या चुलीसाठी बिनठिपक्याचा राहिलो होतो. त्यागाची भावना वगैरे होती. कोणाला बोललो नव्हतो, पण आरशात दिसायची.

मामा गेले आणि दुसऱ्या दिवशी सकाळी शिवगामी वहिनीने मला विहिरीपाशी गाठलं. वहिनी मेय्यप्पनची बायको. तिची चूल आईच्या चुलीला लागून, त्यामुळे आईचं तिला सगळं दिसतं आणि रीतीप्रमाणे ती काही बघत नाही.

"भावजी, एक विचारू? तुम्हाला लग्न नको म्हणजे कोणी दुसरी आहे?"

"नाही."

"दुसरा?"

"नाही, वहिनी."

"मग त्या बाईची सुटका का करत नाही तुम्ही?"

"कुठल्या बाईची?"

"तुमच्या आईची! काल तिने सांबारात चिंच दोनदा घातली. तुम्ही मिटक्या मारत खाल्लंत, मामांनी तर हात जोडले. रोज पहाटे चुलीपुढे बसते, काडी ओढते आणि म्हणते, अगं बाई, अजून किती? मला आधी वाटलं देवाला विचारतेय. नाही, चुलीला विचारतेय."

मी घागर खाली ठेवली. विहिरीतच पडली ती, पण ते वेगळं.

आई तेव्हा पणियारम करत होती, आप्प्यांसारखं पीठ गोल गोल खळग्यांत ओतत. धुराने डोळे लाल. मी तिच्यासमोर उकिडवा बसलो.

"आई, तुला स्वयंपाकाचा कंटाळा आलाय?"

"कोण म्हणालं? शिवगामी? तिला सांग, स्वतःची कढई बघ, जळतेय."

"आलाय का?"

तिने एक पणियारम उलटं केलं. "सोलै, मी लग्न होऊन आले तेव्हापासून ह्या चुलीपुढे बसतेय. आता मला वाटतं, सकाळी उठावं आणि ओसरीवर बसावं. नुसतं. रस्त्याने बकऱ्या जातात त्या बघाव्यात. पण तुझं लग्न जमत नाही. तुला कोणी मुलगी पसंत पडत नाही, की तूच कोणाला पडत नाहीस, देव जाणे. तुला उपाशी ठेवू का मग?"

"म्हणजे तू माझ्यासाठी चूल पेटवतेस?"

"मग कोणासाठी? बकऱ्यांसाठी?"

"आणि मी तुझ्यासाठी लग्न करत नाही!"

आम्ही एकमेकांकडे बघितलं. इतकी वर्षं दोन माणसं एकमेकांसाठी दमत होती आणि कोणाचंच पोट त्याने जास्त भरलं नव्हतं. पणियारम जळलं.

"पोपटाचं काय होतं मग?" आईने विचारलं.

"पोपट खरंच हसला होता."

महिन्याभरात मी नाचम्मैला बघायला गेलो. तिने मला विचारलं, "तुम्ही म्हणे माझ्या गणिताला घाबरता?" मी म्हणालो, हो. ती म्हणाली, "घाबरा. बाकी काही नको." लग्न झालं, देवळातून हार आले, मी ठिपका झालो.

वेगळी चूल द्यायला लोक चांगला दिवस बघतात. आईने पहिला निघेल तो बघितला. तिने दिलेली पातेली माझ्याच दुकानातली होती, माझ्याच हाताने मी तिला विकली होती, आणि तिने घासाघीस केली होती. नाचम्मैच्या हातात पळी देताना आईच्या तोंडावर जो आनंद होता तो मी तिच्या एकाही मुलाच्या लग्नात पाहिला नव्हता.

दुसऱ्या दिवशी आईची चूल पेटली नाही. आई ओसरीवर बसली होती. बकऱ्या गेल्या. दुपार झाली. आईने एक केळं खाल्लं आणि साल लपवलं. त्याच्या पुढच्या दिवशीही केळंच.

"आई, आमच्याकडे ये ना जेवायला," मी म्हणालो.

"सुनेच्या पानावर? मेले नाही मी अजून!"

नाचम्मै सगळं ऐकत होती. तिसऱ्या दिवशी सकाळी चांगलं लुगडं नेसून तिने ताटात हळद, कुंकू, पान, सुपारी घेतली, आमच्या चुलीपासून निघून चौक ओलांडून ओसरीवर गेली आणि लग्नाचं बोलावणं करावं तशी उभी राहिली. "आच्ची, आज आमच्याकडे जेवायला यायचं. सहकुटुंब."

आई चमकली. सहकुटुंब म्हणजे ती एकटीच. पाहुणीने सुनेकडे जेवण्यात लाज कसली? दोनदा नको म्हणायची रीत आहे, ती पाळून तिसऱ्यांदा आई हो म्हणाली, आत जाऊन साडी बदलून आली आणि आमच्या चुलीपुढे पाहुणीसारखी अवघडून बसली. दोनदा भात घेतला.

मला वाटलं, सुटलो. पण पाहुण्याने रिकाम्या हाताने जायचं नसतं. रोज बोलावणं करायचं ठरलं, आणि चौथ्याच दिवशी आई लोणचं घेऊन आली. मग लोणच्याची बरणी संपली. मग एका सकाळी मला आईच्या चुलीवर धूर दिसला. आई चुलीपुढे बसून आमच्याकडे आणायला काळ्या कवुनी तांदळाची खीर ढवळत होती. आणि आलेलं भांडं रिकामं परत करायचं नसतं, म्हणून नाचम्मै त्यात काहीतरी घालून पाठवायची. म्हणून आई दुसऱ्या दिवशी आणखी काही करायची. वहिनी मला म्हणाली, "भावजी, पूर्वी ती दोघांचं रांधायची. आता तिघांचं रांधते. बघा, तुमचं लग्न किती लाभलं."

आईला मी सांगितलं, काही आणू नकोस. तर म्हणाली, भिकारीण आहे का मी?

मग एक दिवस दुकानात माल आला. मला पहाटेच जायला लागलं, नाचम्मैच्या शाळेत परीक्षा. बोलावणं कोणी केलंच नाही. दुपारी मी घाईघाईने परत आलो, वाटभर आईचं काय झालं असेल ह्याच विचारात. नाचम्मैही नुकतीच पोचली होती, भात चढवत होती.

आई आमच्या चुलीपुढे बसलेली. घरातली जुनी साडी, केस सुटलेले. पाठ भिंतीला टेकलेली, पाय सरळ पुढे, पाहुणी कधी बसत नाही तसे. तिची चूल थंड होती.

"आज बोलवायला आलो नाही," मी म्हणालो.

"वाट बघून बघून दमले," आई म्हणाली. तिने दोन्ही तळवे उताणे करून मला दाखवले. "काही आणलेलं नाही."

"दिसलं."

ती माझ्या तोंडाकडे बघत राहिली, मी आणखी काही म्हणतोय का ते. शेजारच्या चुलीवर वहिनीची पळी थांबलेली होती.  नाचम्मैने केळीचं पान पुसून आईसमोर मांडलं.

"अजून आधणाला उकळी यायची आहे, आच्ची," ती म्हणाली.

"येऊ दे," आई म्हणाली. "बसलेय मी."