किबवानाबाबाचं रक्ताळलेलं पीस

किबवानाबाबाने हातिबूच्या केसांतून रक्ताळलेलं पीस उपसलं, तेव्हा अंगणातल्या बाया अशा किंचाळल्या की समुद्रातले मासे दचकून वाळूवर आले असतील.

"बघा! देगेदेगे, झटक्यांचा पक्षी!" बाबा गरजला. "मेला पक्षी पोराच्या डोक्यात घरटं करून बसला होता. आता सुई टोचू नका हं! टोचलीत की त्या भोकातून जीव उडालाच."

चार वर्षांच्या हातिबूचे झटके खरंच थांबले होते. सिवातूने लेकाला उराशी धरलं. सुईचं तिला कुणी सांगायला नको होतं. तिची लेक झुहुरा गेल्या साली दवाखान्यात सुई टोचल्यावर तासाभरात गेली होती.

"कसा शांत झोपलाय!" शेजारीण म्हणाली.

"झोपलाय? चिमटा काढून बघा." नर्स सिकुधानी गर्दी रेटत पुढे आली.

सिवातूने चिमटा काढला. मग जोरात काढला. पोर हललं नाही.

"हातिबूच्या आई, असा झटका बहुधा पाचेक मिनिटांत आपसूक थांबतो. हे या बाबाला पक्कं ठाऊक आहे. तोवर मंत्र पुटपुटायचा, मग पीस काढायचं." सिकुधानीने बाबाची बाही धरून झटकली. लाल रसात बुडवलेली आणखी तीन पिसं खाली पडली.

"ती... ती पिल्लांची!" बाबा म्हणाला.

सिकुधानी सिवातूकडे वळली.

"पक्षी नाही, मलेरिया आहे. जंतू रक्तातल्या तांबड्या पेशीत शिरतो आणि तिच्या पातळ आवरणावर बारीक बारीक उंचवटे उभे करतो. गुळगुळीत पेशी गोखरूसारखी होते, मेंदूतल्या, केसाहूनही बारीक अशा रक्ताच्या नळ्यांना चिकटते, वाट बुजवते. ही झोप नाही, बाई. उचल त्याला."

"पण झुहुरा सुईनेच..."

"तिला तापाच्या कितव्या दिवशी आणलंस?"

सिवातूने बाबाकडे पाहिलं. "चौथ्या. याने दोन पिसं काढल्यावर."

सिवातू पोराला घेऊन दवाखान्याकडे धावत सुटली.

दवाखान्यात सुया टोचल्यावर तिसऱ्या दिवशी हातिबूने डोळे उघडून पेज मागितली. गावाने ठरवलं, पीस निघालं म्हणून वाचला. बाबाला कोंबडा पोहोचला.

पुढच्या वेळी बाबा दुसऱ्या अंगणात बसला, तेव्हा सिवातू मधोमध जाऊन उभी राहिली. "बायांनो, माझ्या झुहुराला सुईने नाही मारलं. मी उशीर केला. तुम्हाला पिसं काढायचीच असतील तर मागाहून काढा, पण ताप आला की पोराला त्याच दिवशी दवाखान्यात न्या."