लोण्याच्या गोदामातला बर्फ

कोल्हापुरात बर्फ म्हटलं की माणसाची मजल गोळ्याच्या गाडीपर्यंत. त्यात पूर्णिमाचा तर जन्म मांडवातच गेलेला. शाहूपुरीत तिचा लग्नाच्या शूटिंगचा स्टुडिओ. घामेजलेले नवरदेव, पाठवणीतलं रडं, पंगतीतले रुसवे, सगळं तिनं बारा वर्षं टिपलेलं. पण धाकटी बहीण तेजस्वी निघाली जगावेगळी. एका सहलीत काश्मीरला गेली आणि पायाला फळी बांधून बर्फावरनं घसरायला शिकून आली. तेव्हापासनं हिवाळा आला की ही पोरगी पळालीच. ह्याला स्नोबोर्डिंग म्हणतात आणि हा खेळ आहे, हे त्यांच्या आईला अजून पटलेलं नाही.

येत्या जानेवारीत तिला उतारावरनं घसरतानाची स्वतःची फिल्म काढून एका मोठ्या शिबिराला पाठवायची होती. निवड त्यावरच. पूर्णिमानं हौसेनं म्हटलं, "मी येतो की काढायला." तर तेजस्वी तोंडावर बोलली, "आक्का, तिथं थंडीत कॅमेरे मरत्यात. तुझं जमलं न्हाय तर माझं वरीस जातंय. तिथलाच कुणीतरी बघतो."

लागलं ते पूर्णिमाला. सगळ्या गावाच्या पोरींची लग्नं हिनं टिपायची, आणि सख्ख्या बहिणीचं काम परक्यानं करायचं?

म्हणून, थंडीत आपले कॅमेरे चालतात का ते आधीच बघायला, सप्टेंबरातल्या एका दुपारी दोघी वारणानगरच्या वाटेवरच्या एका डेअरीत आल्या. तिथं लोण्याचं गोदाम, आत उणे वीस अंश थंडी. राखण सिकंदरचाचांची. "अर्धा तास देतो," ते म्हणाले, आणि दोघींच्या अंगावर जाडजूड कोट चढवले.

दार उघडलं आणि पूर्णिमा जागीच थबकली. भिंती पांढऱ्या, खोकी पांढरी, दिव्याभोवती पांढरं धुकं हळूहळू फिरतंय. स्वतःचा श्वास तिला डोळ्यांनी दिसत होता. आपण झोपेत चालतोय आणि पायाखाली ढग आहे, असं तिला वाटलं. लोणी आहे हे विसरूनच गेली बाई.

कॅमेरे दोन आणलेले. एक थोरला, लांब लेन्सचा. लग्नात तोच लागतो, कॅमेरा दांडगा दिसला नाही तर वरबाप विचारतो, "बाई, मोबाईलवरच उरकताय काय?" दुसरा मुठीत मावणारा, एकच बटन असलेला. तो तिनं नुसता वाईच बघायला घेतलेला.

तिनं थोरला उचलला आणि सवयीनं काचेवर तोंडानं वाफ सोडली. मांडवात प्रत्येक शॉटआधी ती हेच करायची, मग ओढणीनं पुसायची. इथं वाफेचं जागच्या जागी दव गोठलं आणि काच आंधळी झाली.

"अगं पोरी, हितं फुंकायचं न्हाय!" चाचा ओरडले. "ब्रशनं झाड. आणि बॅटऱ्या पोटाशी धर, गार पडल्या की मान टाकत्यात."

काच साफ झाली. गरम बॅटरी आत गेली. तेजस्वी रिकाम्या ढकलगाडीवर गुडघे वाकवून उभी राहिली, चाचांनी गाडी ढकलली आणि ती खोक्यांच्या गल्लीतनं सरसरत आली. पूर्णिमानं दाराशी उभं राहून सगळं टिपलं. चित्र कसं, आरशासारखं!

"जमलं की आक्का!" तेजस्वी हरखली. "तू उताराखाली उभी ऱ्हा, मी वरनं येतो."

पूर्णिमाचा जीव भांड्यात पडला. पण आणलाच आहे म्हणून तिनं धाकटा कॅमेराही काढला. त्याला जवळ जावं लागतं, म्हणून चाचांनी गाडी पुन्हा ढकलली तशी ती तिच्या बाजूनं धावली, हातमोज्यानंच बटन दाबून.

बाहेर आल्यावर चाचांनी कॅमेरे पिशवीत बांधून तासभर तसेच ठेवायला लावले, नाहीतर उकाड्यात त्यांना आतनं घाम सुटला असता. मग दोघींनी लॅपटॉपवर बघितलं. थोरल्यात एक पोरगी छान घसरत होती. कुणाचीही पोरगी. धाकट्यात चित्र हलत होतं, पण पापण्यांवर पांढरी भुकटी, तोंड उघडं, भ्यालेली आणि तरी खुदकन हसणारी तेजस्वी होती. पूर्णिमाला भरून आलं. हजार नवऱ्यांचे चेहरे तिनं टिपले, हा एकदाही नाही.

तेजस्वीनं तो तुकडा मागं नेऊन पुन्हा लावला. "मी अशी दिसतो व्हय?" ती म्हणाली.

"हाच घेणार," पूर्णिमा म्हणाली.

"खुळी हायस काय? ह्याच्यासाठी तुला माझ्याबरोबर उतरावं लागंल. तू जिन्यावरनं पण कठडा धरून उतरतीस."

"व्हय. लई भ्या वाटतंय मला," पूर्णिमा म्हणाली. "पण खाली उभी ऱ्हाऊन तू दिसत न्हाईस गं."

तेजस्वीनं डोळे पुसले आणि उठून तिच्यासमोर उभी राहिली. "चार महिने हायत. डावा पाय फुडं घे. वाकीव गुडघं."

आणि डेअरीच्या भर आवारात, दुधाच्या टँकरांच्या मधोमध, पूर्णिमानं गुडघे वाकवले.